दगडातली चाकोरी

चाकोरी हा शब्द जन्मभर वापरला. पण तिच्यात खांद्याइतका खोल उतरून उभा राहिलो तो गेल्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात.

मुलगी डेन्व्हरला असते. ‘‘बाबा, तुम्हांला बैलगाड्यांची वाट दाखवते,’’ म्हणाली. तीन तास उत्तरेला गेल्यावर गर्न्सी नावाचं छोटं गाव लागलं. गावाला लागून नॉर्थ प्लॅट नदी आणि तिच्या दक्षिण काठावर एक टेकाड. पायवाटेनं थोडं चढलो, तर पांढुरक्या वालुकाश्मात लांबलचक घळ पडलेली. काही ठिकाणी पाच फूट खोल. कडेवरून हात फिरवला, तशी वाळू तळहाताला चिकटली.

हाच ओरेगन ट्रेल. मिसूरी नदीच्या काठापासून ओरेगनपर्यंत सुमारे 3,200 किलोमीटरची ही वाट. 1840च्या दशकापासून तीन-चार लाख माणसं अशा वाटांनी पश्चिमेला गेली. 1869मध्ये रेल्वे आरपार झाली आणि गाड्यांची ही रांग ओसरली. इथं नदीचा काठ दलदलीचा, म्हणून गाड्यांना या टेकाडावर चढावंच लागे, आणि तेही जवळजवळ एकाच ओळीनं. मऊ खडकावरून लोखंडी धावांची चाकं, बैलांची खुरं आणि माणसांची पावलं वर्षानुवर्षं गेली, त्यांनीच तो असा झिजवला.

धाव म्हटल्यावर मला आमच्या गावचा लोहार आठवला. गोवऱ्यांच्या आरात लाल केलेली धाव तो सांडशीनं उचलून चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. चर्रर्र आवाज व्हायचा, धाव आकसून लाकूड आवळून धरायची. या वाटेवर उलटं व्हायचं. कोरड्या हवेत लाकूड आकसायचं आणि धाव सैल पडायची. मग मुक्कामाला चाकं काढून रात्रभर नदीत भिजत ठेवायची किंवा पाचरी ठोकायच्या. वंगणाची बादली मागच्या आसाला टांगलेली असायची. बहुतेकांनी घोड्यांऐवजी बैलच जुंपले, कारण बैल स्वस्त, दमाचे आणि वाटेवरच्या गवतावर निभावणारे. गाडी सामानानं भरलेली, त्यामुळे माणसं चालतच जायची. हे सगळं कळल्यावर ती माणसं परकी वाटेनात. गाडीमागून चालणं मलाही ठाऊक आहे.

तिथून जवळच रजिस्टर क्लिफ नावाचा कडा आहे. फोर्ट लॅरमीचं ठाणं सोडल्यावर या कड्याच्या पायथ्याशी मुक्काम पडायचा आणि माणसं मऊ दगडात आपली नावं कोरायची. जाळीआड जपलेलं एक नाव बराच वेळ पाहत राहिलो : ए. एच. अनथँक, 1850. इंडियानाहून निघालेला एकोणीस वर्षांचा मुलगा. अक्षरं नीटस, सावकाश कोरलेली. त्यानंतर पंधरवडाही लोटला नाही, तोच तो वाटेवर आजारानं गेला. त्याच कड्यावर त्याच्या घराण्यातल्या पुढच्या माणसांनीही आपली नावं कोरली आहेत.

ज्यांच्या भूमीवरून ही वाट गेली, त्या लकोटा, शायेन, अरापाहो लोकांच्या वाट्याला काय आलं, हेही तिथं उभं राहून विसरता येत नाही. गाड्यांच्या बैलांनी कुरणं खाल्ली, बायसनचे कळप पांगले. 1851मध्ये त्यांच्याशी अमेरिकन सरकारचा फोर्ट लॅरमीचा करार झाला, तो पाळला गेला नाही, आणि पुढं त्यांची जमीनच गेली. ती घळ जितकी जिद्दीची, तितकीच या नुकसानीचीही खूण आहे.

परतताना पुन्हा एकदा टेकाडावर गेलो. आमच्या गाडीवाटेवरची चाकोरी पावसाळ्यात बुजायची आणि सुगीला पुन्हा पडायची. सकाळी शेतावर गेलेली गाडी दिवेलागणीला घरी यायची. तिथं चाकं दोन्ही दिशांनी फिरायची. इथं मात्र जवळजवळ प्रत्येक चाक पश्चिमेलाच गेलं. मागं राहिलेल्या आईबापांना बहुतेकांची तोंडं पुन्हा दिसली नसतील.

मुलगी घळीच्या काठावर उभी राहून पश्चिमेकडे बघत होती. तिला या देशात येऊन पंधरा वर्षं झाली. मी वर चढायला हात पुढे केला, तिनं घट्ट धरून ओढून घेतलं, आणि आमच्या दोघांच्या हाताला तीच वाळू लागली.