जवसाची चटणी आणि अँटिबायोटिकचा कोर्स

नांदेडला वजिराबादेत माझं मेडिकल आहे. माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. दुकानात रोज कुणी ना कुणी येतंच : "ताई, जुलाब लागलेत, एखादी अँटिबायोटिक द्या." चिठ्ठी नसेल तर मी देत नाही. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जातं.

मागं दाढेत पू झाला तेव्हा मलाही कोर्स घ्यावा लागला. दाढ बरी झाली, पण पोट बिघडलं. जेवलं की फुगायचं, भूक मेली. आई आली ती जवसाच्या चटणीचा डबा घेऊनच. तिची रीत ठरलेली : जवस लोखंडी कढईत तडतडेपर्यंत भाजायचं, मग लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून कुटायचं. भाकरीवर चटणी, वर कच्चं तेल. "अख्खं जवस जसं जातं तसंच बाहेर पडतं, कुटल्याबिगर अंगी लागत नाही," ती म्हणाली.

तिचं खरं आहे. जवसाचं टरफल चिवट असतं आणि लिग्नन नावाची द्रव्यं मुख्यतः त्या टरफलातच असतात. पण कुटूनही काम अर्धंच होतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू लिग्ननपासून एंटेरोलॅक्टोन तयार करतात आणि ते रक्तात उतरतं. हे एका जातीच्या जिवाणूचं काम नव्हे. एकानं सोडलेलं दुसरा पुढं नेतो. फिनलंडमधल्या 2002 सालच्या एका अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्यांच्या रक्तात एंटेरोलॅक्टोन कमी आढळलं. जितके कोर्स जास्त, तितकं ते कमी. म्हणजे ताटात चटणी असूनही तिच्यातलं सगळं पदरात पडेलच असं नाही.

माझं पोट हळूहळू ताळ्यावर आलं. चटणीमुळं की आपोआप, हे मी सांगू शकत नाही, म्हणून ती औषध म्हणून कुणाला सुचवत नाही. खायला मात्र जरूर सांगते. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानं जवसाचं वाण काढलेलं आहे, तरी आमच्या शिवारात रब्बीला आता जिकडंतिकडं हरभराच दिसतो. आई जवस बाजारातून आणते.

जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिक सांगितली तशी पूर्ण घ्यावीच. साध्या जुलाबाला आधी ओआरएस घ्या; शौचातून रक्त पडलं किंवा ताप चढला तर दवाखाना गाठा. आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागू नका, कुणी देत असलं तरी.