मधल्या वस्तू

कपाटात कॅसेट आहे आणि टेबलावर कॉम्प्युटर आहे. एकीत लग्न, मुंज, बारसं. दुसऱ्यात ते सगळं ठेवायला हवी तेवढी जागा. दोन्ही शाबूत आहेत, पण एकातलं दुसऱ्यात जात नाही, कारण मधल्या वस्तू एकेक करून गेल्या. कॅसेट कुणी टाकत नाही. तिच्यावर नाव आणि तारीख लिहिलेली असते. वायरवर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून ती दसऱ्याच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जाते. जुन्या चित्रणाचा प्रश्न आज टेपपेक्षा या मधल्या वस्तूंचा जास्त आहे. त्यातल्या बऱ्याच पुन्हा घडणार नाहीत. म्हणून ही नोंद.

पिवळी, पांढरी, लाल

पिवळ्या पिनेत चित्र, पांढऱ्यात डावा आवाज, लाल पिनेत उजवा. व्हीसीआर, व्हीसीडी प्लेअर, हँडीकॅम, व्हिडिओ गेम, सगळ्यांची हीच वायर. टीव्हीमागे हात घालून, न बघता, केवळ चाचपून ती लावता येणारी एक पिढी महाराष्ट्रात घरोघरी होती.

पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकत्रच येतात. टीव्हीला ते वेगळे करता येतात. बहुतेक लॅपटॉपना ही पिन लावायला जागा नव्हती, आणि आता नव्या टीव्हीमागूनही ती तीन भोकं जाऊ लागली आहेत.

एक बारीक पिन, चार भाग

हँडीकॅम लहान झाला तशी तीन भोकांना त्यावर जागा राहिली नाही. मग एकाच साडेतीन मिलिमीटरच्या पिनेत सगळं बसवलं. हेडफोनसारखीच दिसणारी ही पिन जवळून पाहिली, तर तिच्यावर तीन काळी कडी दिसतात आणि त्यांनी पाडलेले धातूचे चार भाग. दोन आवाजांचे, एक चित्राचा, एक ग्राउंडचा.

कोणता भाग कशाचा, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. त्यामुळे एका कॅमेऱ्याची वायर दुसऱ्याला लावली की पिवळ्या पिनेतून चित्राऐवजी घरघर येते. अशा वेळी वायर फेकू नये. लाल पिन काढून पिवळ्याच्या जागी लावून बघावी. पुष्कळदा चित्र तिथं सापडतं. ग्राउंडचाच भाग वेगळा असेल तर मात्र पिना कितीही अदलाबदल करून उपयोग नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ वायर जपायची ती यासाठी.

एस-व्हिडिओ

गोल तोंड, आत चार बारीक पिना, मध्ये प्लॅस्टिकची चपटी खूण. इथं उजेड एका तारेतून जातो आणि रंग दुसऱ्या. दोन्ही वेगळे राहिल्यामुळे शालूच्या काठावर पिवळ्या पिनेतून येणारी इंद्रधनुषी मुंग्यांची रांग इथं येत नाही. आवाज यातून जात नाही. त्याला पांढरी-लाल जोडी वेगळी लावावी लागते.

घाईत वाकडी घातली की आतली पिन वाकते आणि चित्र काळं-पांढरं होतं, कारण रंगाची तारच लागलेली नसते. शिवणाच्या सुईनं ती पिन हळूच सरळ करता येते. हाय-एट कॅमेरा घरात असेल तर पिवळ्याआधी हे तोंड शोधावं.

फायरवायर

या यादीतली सगळ्यात मोठी हानी ही.

1995 मध्ये डीव्ही कॅसेट आली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, आत पाव इंचाची टेप, एका कॅसेटवर तासभर चित्रण. टेप असूनही तिच्यावर उमटायचे ते आकडेच. त्याच वर्षी फायरवायरचं मानक ठरलं. अ‍ॅपलनं त्याला फायरवायर म्हटलं, सोनीनं आय-लिंक. कॅमेऱ्याला चार पिनांचं इवलंसं तोंड, कॉम्प्युटरला बहुधा सहा पिनांचं मोठं.

एक वायर लावली की कॅमेरा कॉम्प्युटरच्या ताब्यात यायचा. पडद्यावर बटण दाबलं की कॅमेऱ्यातली टेप मागे जायची, थांबायची, पुढे चालायची. तासाभराची टेप तासाभरात उतरायची आणि साधारण 13 जीबीची फाइल व्हायची. टेपवरचे आकडे जसेच्या तसे. चित्राची नवी नक्कल करताना जी घट येते ती इथं नाही. चित्रण कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी झालं हेही त्या आकड्यांत असतं. आजी अंगणात नेमकी कधी चालत होती, हे कुणालाही विचारावं लागत नाही.

याच कॅमेऱ्याला बहुधा यूएसबीचंही तोंड असतं आणि तिथंच घोटाळा होतो. ते तोंड मुख्यतः कार्डावरचे फोटो उतरवण्यासाठी; टेपवरचं चित्र त्यातून आलंच तर छोटं आणि धुरकट येतं. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी अशी साधी वायर बाजारात मिळते, तीही घेऊ नये. दोघांची बोलण्याची रीतच निराळी आहे; नुसत्या तारा जोडून ते एकमेकांना कळत नाहीत.

2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत कितीतरी लॅपटॉपना हे तोंड होतं. अ‍ॅपलचा फायरवायर असलेला शेवटचा लॅपटॉप 2016 मध्ये विक्रीतून गेला. त्यानंतर वायरला वायर जोडत जावं लागलं: कॅमेऱ्याची चार पिनांची वायर, तिच्यापुढे नंतरच्या फायरवायरचं नऊ पिनांचं तोंड, तिथून जुन्या थंडरबोल्टचा अडॅप्टर, तिथून नव्या थंडरबोल्टचा. एवढ्याशा कॅसेटच्या चित्रासाठी हातभर माळ, पण चालत होती. 2025 च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा आधारच काढला गेला. टाहो घातलेल्या मॅकवर आता माळ पूर्ण असली तरी पलीकडे ऐकणारं कुणी नाही.

डेस्कटॉपवर वाट अजून आहे. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसची मोकळी खाच असेल तर फायरवायरचं कार्ड बसतं. लिनक्समध्ये आजही हे तोंड ओळखलं जातं आणि डीव्हीग्रॅब नावाची साधी आज्ञावली टेप उतरवून देते. माळ्यावर 2008 च्या आसपासचा लॅपटॉप पडून असेल, तर तो मंद म्हणून देऊन टाकण्याआधी त्याच्या चारी कडा नीट पाहाव्यात.

लॅपटॉपच्या कुशीतली खाच

पूर्वी लॅपटॉपच्या बाजूला कार्ड सरकवायची खाच असायची. आधी पीसीएमसीआयए, मग अरुंद एक्सप्रेसकार्ड. शेजारी छोटं बटण. दाबलं की कार्ड बाहेर. जे तोंड लॅपटॉपला नाही ते या खाचेतून मिळवता यायचं, फायरवायरसुद्धा. लॅपटॉप पातळ झाले आणि खाच गेली. घेतलेल्या यंत्रात नंतर हवं ते तोंड बसवायची सोयही तिच्याबरोबर गेली.

एकच तोंड, एकच दिशा

एचडीएमआय नाहीसं झालेलं नाही, पण त्याच्याबद्दलचा गैरसमज इथं नोंदवायला हवा. लॅपटॉपला एचडीएमआय आहे, कॅमेऱ्यालाही आहे. वायर बसते, आणि काहीच दिसत नाही. लॅपटॉपचं ते तोंड बाहेर जाण्याचं आहे, आत येण्याचं नाही. पंधरा पिनांच्या निळ्या व्हीजीएचंही तेच होतं. चित्र आत घ्यायचं तर मध्ये कॅप्चर कार्ड लागतं. जुन्या व्हीसीआरसाठी पिवळी-पांढरी-लाल पिन घेणारं, नव्या कॅमेऱ्यासाठी एचडीएमआय घेणारं. दोन्ही यूएसबीला लागतात, पण एकाचं काम दुसरं करत नाही.

ईझीकॅप आणि छोटी सीडी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत ईझीकॅप नावाची काळी डबी मिळायची. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला तीन रंगीत पिना आणि एस-व्हिडिओ. काही शे रुपयांत घरची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर. सामान्य माणसाच्या हाती आलेलं कॅसेट उतरवण्याचं हे स्वस्त साधन, आणि त्याबद्दल तिचं मोल मोठं आहे.

डबी बाहेरून एकच, आतली चिप मात्र निरनिराळी. प्रत्येक चिपचा ड्रायव्हर वेगळा, आणि तो आठ सेंटिमीटरच्या छोट्या सीडीवर यायचा. आता लॅपटॉपला सीडी घालायची जागा नाही आणि सीडीवरचा ड्रायव्हर विंडोज एक्सपी किंवा सेव्हनसाठी लिहिलेला. डबी बिघडलेली नसते. तिची ओळख करून देणारा नसतो. यातल्या बऱ्याच चिपचे ड्रायव्हर लिनक्समध्ये मुळातच आहेत. नव्या लॅपटॉपवर मुकी राहिलेली डबी तिथं बोलू लागते.

चालू व्हीसीआर

जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात शेवटपर्यंत बनवणारी तीच उरली होती. आज जे आहेत ते आहेत तेवढेच. पॅल पद्धतीच्या व्हीसीआरचं हेड मिनिटाला 1500 फेरे घेतं आणि त्याच्याभोवती अर्ध्या इंचाची टेप तिरकी गुंडाळली जाते. रबरी पट्टे सैल पडले की यंत्र कॅसेट आत घेतं आणि सोडत नाही.

आपल्याकडे मोठा शत्रू बुरशी. कोकणात, मुंबईत एका पावसाळ्याची ओल पुरते. व्हीएचएस कॅसेटच्या बाजूला एक बारीक खटका असतो. तो दाबला की पुढची झडप वर उचलता येते. टेपची गुंडाळी खिडकीतून उजेडाकडे तिरकी धरावी. कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी हेडवर बसते, आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर.

व्हीसीआरचं चित्र थोडं डुलतं. टीव्ही ते सांभाळून घेतो, कॅप्चर कार्ड घेत नाही. चित्राची ओळ जरा लांब-आखूड झाली की ते फ्रेम गाळतं, आणि अर्ध्या तासानं मंगलाष्टकं एकीकडे, अक्षता दुसरीकडे होतात. कधी डुलणाऱ्या चित्रालाच कॉपीबंदीची खूण समजून कार्ड घरचीच कॅसेट नाकारतं. यावर टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र असतं. ते मिळणं कठीण. मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला तर काही रेकॉर्डर तेच काम बऱ्यापैकी करतात. चित्राच्या अगदी खालच्या कडेला थरथरणारी पट्टी दिसेल. ती बिघाड नव्हे. ती पहिल्यापासून होती. टीव्हीच्या चौकटीत झाकली जायची.

पॅल आणि एनटीएससी

भारतात पॅल, 625 ओळी, सेकंदाला 25 चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, 525 ओळी, सेकंदाला जवळजवळ 30. न्यू जर्सीहून काकांनी पाठवलेली नातवंडांची कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर वरखाली लोळायची किंवा रंगच दाखवायची नाही. त्यासाठी मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागायचा आणि तो ओळखीत एखाद्याकडेच असायचा. अशा कॅसेट अनेक घरांत एकदाही धड न बघता राहिल्या. कॅप्चर करताना पद्धत आधी निवडावी, नाहीतर चांगल्या कॅसेटला खराब ठरवलं जातं.

फायनलाइझ न केलेली डिस्क

टेपनंतर काही वर्षं आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर चित्रण करणारे कॅमेरे आले. डिस्क भरली की कॅमेऱ्यातच फायनलाइझ करावी, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद करावी लागायची. ते राहिलं असेल तर कॉम्प्युटर ती डिस्क कोरी दाखवतो. ती कोरी नसते. ज्या कॅमेऱ्यात भरली तो, नाहीतर त्याच कंपनीचा तसाच कॅमेरा शोधावा. आणि नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये ही छोटी डिस्क कधी सरकवू नये. ती आत अडकते. बाहेर येणाऱ्या ट्रेचा ड्राइव्हच हवा.

जोडून देणारा माणूस

गावोगावी फोटो स्टुडिओत लग्नाचं शूटिंग करणारे लोक होते. मिक्सिंगसाठी दोन व्हीसीआर, एक टीव्ही, वायरींचा गुंता आणि त्या गुंत्यातली प्रत्येक वायर कुठून कुठं जाते हे ठाऊक असलेला एक माणूस. हेड पुसायला कापूस चालत नाही, त्याचे धागे अडकतात. स्पिरिट लावलेला साधा कागद हेडवर आडवाच धरायचा, वरखाली घासायचा नाही, हे तो हातानं शिकवायचा. हे ज्ञान मराठीत क्वचितच लिहून ठेवलेलं सापडतं. तो माणूस आता साठीच्या पुढे आहे.

2019 मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमानं जगभरच्या ध्वनिचित्र-संग्रहांच्या संघटनेबरोबर चुंबकीय टेपविषयी इशारा दिला. त्याचा गाभा हाच होता: टेप टिकेल, पण ती वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे हात 2025 च्या सुमारास संपत येतील. ते वर्ष उलटलं आहे.

म्हणून काही गोष्टी आजच कराव्यात. कॅमेरा, त्याचा चार्जर आणि त्याचीच वायर एका पिशवीत ठेवावी आणि पिशवीवर तसं लिहावं. कॅमेरा विकण्याआधी घरातल्या सगळ्या टेप उतरल्या का, ते बघावं. डीव्हीची मूळ फाइल मोठी वाटली तरी पुसू नये, आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी. आधी सगळ्यात जुनी कॅसेट घ्यावी, आणि तिच्यातही जी माणसं आता नाहीत त्यांचा आवाज असलेली. ज्या घरात चालू व्हीसीआर, बरोबर वायर आणि बरोबर तोंडाचा कॉम्प्युटर असे तिन्ही आहेत, त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कॅसेटही उतरवून द्याव्यात. अशी घरं आता थोडी आहेत, आणि या तिन्हींपैकी एक जरी गेलं तर उरलेल्या दोन्हींचा काही उपयोग नाही.