चंबळकाठचे एक भोजन

राजस्थानातील कोटा शहराचे नाव आज आपल्या अनेक घरांत रोज घेतले जाते, ते तेथील शिकवणी वर्गांमुळे. आमच्या मुलीचा मुलगाही अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी तेथे वसतिगृहात राहत होता. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आम्ही उभयता केशोरायपाटण येथे मुनिसुव्रतनाथ भगवंतांच्या दर्शनास गेलो आणि परतताना एक रात्र कोट्यात थांबलो. मुक्काम ब्रिजराज भवनात केला. नातवालाही एका रात्रीची परवानगी काढून तेथेच बोलावून घेतले.

चंबळ नदीच्या उंच काठावरील ही वास्तू एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटचे निवासस्थान होती. पुढे ती कोट्याच्या राजघराण्याकडे आली आणि कालांतराने तिचे हॉटेल झाले. १८५७ च्या उठावात १५ ऑक्टोबर रोजी बंडखोर सैन्याने या घराला वेढा घातला. मेजर चार्ल्स बर्टन आणि त्यांचे दोन तरुण मुलगे वरच्या मजल्यावर काही तास तग धरून होते. अखेर तिघेही मारले गेले. मार्च १८५८ पर्यंत शहर बंडखोरांच्या ताब्यात राहिले. उठावाचे नेते लाला जयदयाल आणि मेहराब खान यांना पुढे फाशी झाली. महाराव रामसिंह यांनी पुरेसे साहाय्य केले नाही, असा इंग्रजांना संशय होता. त्यामुळे त्यांच्या सलामीच्या तोफा सतरावरून तेरावर आणण्यात आल्या.

तेव्हापासून मेजर बर्टन यांचे भूत या वास्तूत वावरते, अशी आख्यायिका आहे. पाहुण्यांना त्याचा उपद्रव नाही. फक्त रात्रपाळीचा पहारेकरी डुलकी घेताना दिसला, की ते त्याच्या थोबाडीत मारते म्हणतात!

आपल्या शास्त्रात व्यंतर देवांचे आठ प्रकार सांगितले आहेत व त्यांत भूत आणि पिशाच यांचीही गणना आहे. त्यामुळे ही कथा ऐकून मी हसलो नाही आणि घाबरलोही नाही. शिवाय आमचे रात्रिभोजन वर्ज्य असल्याने भुताच्या वेळेपूर्वीच आमचे ताट उचलले जाणार होते.

सूर्यास्तापूर्वी आम्ही भोजनगृहात बसलो. कांदा, लसूण आणि कंदमुळे चालत नाहीत, हे आधीच कळवले होते. आचाऱ्याने मूगडाळ, गट्ट्याची भाजी आणि गरम फुलके मोठ्या आस्थेने वाढले. भिंतीवर मात्र शिकारीतील प्राण्यांची मुंडकी लावलेली होती. सौ.ने त्यांच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची घेतली. भिंतीवरच्या त्या मुक्या जिवांपुढे घास घेताना मला जो संकोच वाटला, तो भुताच्या कथेने वाटला नव्हता.

वाढणाऱ्याने नातवाला ती पहारेकऱ्याची गोष्ट रंगवून सांगितली. तो हसला आणि सहज म्हणाला, "आजोबा, या गावात झोपणाऱ्याला भूतसुद्धा मारते."

सौ.चा हात ताटावरच थांबला. मी विचारले, "किती वेळ झोपतोस रे?"

"चार तास. कधी पाच. जास्त झोपलो की अपराध्यासारखे वाटते. तुम्हीच तर फोनवर सांगता ना, प्रमाद करू नकोस म्हणून."

खरेच होते ते. दर रविवारी फोनवर मी त्याला हेच वाक्य ऐकवत असे. चाचणीतील गुण विचारायचे, मागील गुणांशी ताळा घालायचा आणि शेवटी प्रमाद न करण्याचा उपदेश करायचा, हा माझा क्रम होता. बँकेत खाती तपासण्याची सवय निवृत्तीनंतर मी या मुलावर चालवली होती. त्याचा उतरलेला चेहरा समोर होता, तरी तो वाक्य बोलेपर्यंत मला दिसला नव्हता. प्रमाद कोणाचा झाला होता, हे सांगायला नकोच.

जेवणानंतर आम्ही नदीकडच्या व्हरांड्यात बसलो. चंबळेवर अंधार उतरत होता. बोलता बोलता मुलाला खुर्चीतच झोप लागली. उजळणीची वही मांडीवरून खाली घसरली. मी ती उचलून माझ्याजवळ ठेवली. पहारेकरी काठी वाजवीत आला, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवले. तो मान डोलावून पाय न वाजवता पुढे गेला. सौ.ने मुलाच्या अंगावर आपली शाल घातली.

सकाळी तो उठला तेव्हा सात वाजले होते. मला का उठवले नाही, म्हणून तो घाबरून गेला. मी हात जोडून त्याला "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले. संवत्सरीला आम्ही एकमेकांना हे म्हणतोच. पण कशासाठी क्षमा मागतो आहे, हे मला त्या दिवशी पुरते ठाऊक होते. घरी परतताच मुलीशी व जावईबापूंशी सविस्तर बोललो. प्रवेश मिळाला नाही तरी घराचे दार उघडेच आहे, हे दोघांनी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितले.

हवी ती संस्था त्याला मिळाली नाही. आज तो पुण्यात विज्ञान शाखेत शिकतो आहे. दर रविवारी माझा फोन अजूनही जातो. पहिला प्रश्न असतो, "जेवलास का?" आणि दुसरा, "झोप झाली का?"