मेण आणि सोने

परदेशी गेलेला मनुष्य तेथील डोंगर, नद्या आणि देवळे पाहून येतो व त्यांवर लेख लिहितो. शेजारच्या टेबलाशी बसणारा मनुष्य मात्र पाहावयाचा राहून जातो. आमचेही तसेच व्हावयाचे. २००५ ते २००७ ही दोन वर्षे आम्ही इथिओपियात, ताना सरोवराकाठच्या बाहिर दार गावी, इंग्रजी शिकवीत होतो. निळी नाईल ह्याच सरोवरातून निघते, आणि त्यातल्या बेटांवर जुने मठ आहेत. तेव्हा लेखाच्या सामग्रीची वाण नव्हती.

आमच्या ग्रंथालयात एक साहाय्यक होते. वय पन्नाशीचे, अंगात बारमाही एकच करडा कोट, बोलणे बेताचे. आपण नावापुढे ‘राव’ लावतो, तसे तिकडे नावामागे ‘आतो’ लावतात. तेव्हा येथे आपण त्यांस नुसते आतोच म्हणू. त्यांचे इंग्रजी मोडके होते, आणि ज्याचे इंग्रजी मोडके त्याची बुद्धीही तितपतच, असा एक हिशेब आम्हां इंग्रजी शिकलेल्यांच्या मनात नकळत मांडलेला असतो.

ओळख झाली ती फजितीने. आमचा एक शब्दकोश खिळखिळा झाला होता. तो बांधून देण्यास आतोंनी रुकार दिला. “उद्या दोन वाजता,” असे ठरले. दुपारी दोनला आम्ही गेलो, तो आतो सकाळी आठालाच येऊन, वाट पाहून गेलेले! तिकडे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले आठ ते त्यांचे दोन. आपले पूर्वजही घटका सूर्योदयापासूनच मोजीत. पण आपण तो हिशेब पंचांगात ठेवून दिला, त्यांनी तो मनगटावर बाळगला आहे.

शब्दकोश परत आला तो बकऱ्याच्या कातड्याच्या सुरेख बांधणीत. मग एकेक कळू लागले. बिघडलेले छायाप्रतियंत्र आतोच चालू करीत. परसात त्यांनी मधमाश्या पाळल्या होत्या. उपासाच्या दिवसांत संध्याकाळी ते बेगेना वाजवीत. हे दहा तारांचे वाद्य. राजा दाविदाचे, अशी तिकडची श्रद्धा. तारेखाली चामड्याचे बारीक तुकडे सरकवून तिच्यातून गुंजारव काढतात. आपल्या तंबोऱ्याची जवारी ती दुसरी काय? आम्ही सुताचा दोरा घडीवर कसा सरकवतात ते हातवाऱ्यांनी दाखविले, तेव्हा आतो प्रथमच मोठ्याने हसले.

त्यानंतर त्यांनी आम्हांस मुळाक्षरे शिकविली. अम्हारिक भाषेची अक्षरे ३३, आणि प्रत्येकाची स्वरांनुसार ७ रूपे. ल, लू, ली, ला, ले, ल्, लो! चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा बाराखडी घोकताना आम्हांस आमची पाटी आठवली.

आतो कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. ते शिकले गोज्जाममधील देवळाच्या शाळांत. अंगावर मेंढीचे कातडे, हाती काठी, आणि दारोदार मागून आणलेले अन्न. कुत्री अंगावर येत ती निराळीच. माधुकरी मागून वेदपठण करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांस हे चित्र परके वाटले नसते. तेथे ते चर्मपत्र कमावणे, काजळीची शाई करणे आणि गीझ भाषेत ‘कने’ रचणे शिकले. कने म्हणजे मोरोपंतांनाही हेवा वाटावा असे श्लेषकाव्य. वरच्या अर्थाला तिकडे मेण म्हणतात, आतल्याला सोने. सोनार मेणाचा आकार करून त्यावर माती लिंपतो आणि मेण वितळवून त्या जागी सोने ओततो, त्यावरून हे नाव. विद्यार्थ्याने रोज नवे कने रचून गुरूपुढे म्हणावयाचे, आणि जुने म्हटले तर ते गुरूच्या ध्यानात यावयाचे!

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या पहिल्याच सहामाहीत ग्रंथसूचीकाराची जागा भरावयाची होती. आतोंनी अर्ज केला होता. वरिष्ठांनी आमचे मत मागविले, आणि आम्ही चिठ्ठीवर तीन शब्द लिहिले: “इंग्रजी अपुरे आहे.” जागा एका तरुण पदवीधरास मिळाली. तो मुलगा वाईट नव्हता; परंतु गीझमधील पोथी आली की ती घेऊन आतोंकडेच जाई. कार्यालयाचे जुने कागद बांधण्याचे कामही आतोंकडेच असे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

२००७ च्या सप्टेंबरात त्यांचे २००० साल उजाडले. पाऊस सरून माळावर पिवळी फुले आली होती. आमच्या निरोपाच्या बैठकीत कॉफीची तिसरी फेरी चालली असता आतो उठले व त्यांनी एक कने म्हटले. देवळाच्या शाळेत शिकलेल्या एका सहकाऱ्याने अर्थ सांगितला: दूरदेशीचा वाणी आमच्या बाजारी आला, त्याच्या तागडीत आमचे धान्य पडले, धन्य ते धान्य. एवढे बोलून तो हसला, मग आमच्याकडे पाहून एकाएकी गप्प झाला. “हे मेण झाले,” आम्ही म्हटले, “सोने?” त्याने कॉफीच्या पेल्यात लक्ष घातले.

बैठक मोडल्यावर आम्ही आतोंना दाराशी गाठले व तेच विचारले. त्या चिठ्ठीचा उच्चार मात्र आमच्या तोंडून तेव्हाही निघाला नाही. आतोंनी घरच्या मधाची बरणी आमच्या हाती दिली आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “मेम्हिर, विमानतळावर सोने अडवतात. मेण नेऊ देतात.”