पंप फिरत होता, पाणी वाहत नव्हतं

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. दिवसभर गावात तोच विषय होता. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं स्पष्ट केलं. त्याच कडक उन्हाच्या नवतप्यात माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर नव्वद अंशांवर जाऊन बसला होता. आमचाही पहिला प्रश्न तोच होता. हा आकडा खरा मानायचा का?

हे मशीन आम्ही दोघांनी २०२१ मध्ये घरी बसून जोडलं होतं. प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स, त्यावर लिक्विड कूलर, समोर काच असलेलं कॅबिनेट. तीन उन्हाळे त्याने बिनतक्रार काढले. त्या वर्षी मात्र सायबरपंक २०७७ हा गेम सुरू केला की थोड्याच वेळात चित्र अडखळायला लागायचं. "मामा, ग्राफिक्स कार्ड गेलं वाटते," असं भाच्याचं मत होतं. मी तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवलं आणि त्याला खेळायला सांगितलं. ग्राफिक्स कार्ड सत्तरीच्या आत होतं. प्रोसेसर नव्वदवर होता आणि त्याचा वेग साडेचार गिगाहर्ट्झवरून तीनच्याही खाली येत होता. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंशच आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. आकडा आणि वेग दोन्ही एकच गोष्ट सांगत होते, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता.

५८००एक्स मुळातच तापट. पूर्ण भारावर तो १४२ वॅटपर्यंत वीज घेतो आणि त्यातली बरीचशी उष्णता सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपलेटमधून बाहेर पडते. त्यात आमची खोली. बाहेर ४५ असताना आत पाण्याचा कूलर लावूनही भिंतीवरचा तापमापक ३४ दाखवत होता. परदेशातल्या चाचण्या बहुधा विशी-बाविशीच्या खोल्यांत होतात. त्यांचा ७८ आमच्याकडे सरळ ९० होतो. म्हणून मी नेहमी प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करून उरलेला आकडा बघतो. तोच कूलरचं खरं काम सांगतो. काहीही न करता नुसत्या सुरू ठेवलेल्या मशीनचा आकडा ६८ होता. ३४ वजा केले तरी ३४ उरत होते. नुसत्या उन्हाळ्याने एवढं होत नाही.

भाच्याला वाटत होतं की धूळ साचली असेल. जाळ्या काढून ब्लोअरने साफ केल्या, बाजूची काच काढून मशीन उघडंच चालवलं. हवा कोंडत असती तर तापमान पाच-सात अंशांनी तरी उतरायला हवं होतं. ते जेमतेम एका अंशाने हललं. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच चाचणी लावून मी आकडा किती झपाट्याने चढतो ते पाहिलं, आणि माझ्या मते सगळ्या तपासात हेच सर्वांत महत्त्वाचं. हवा कोंडली असेल तर तापमान मिनिटामिनिटाने वर सरकतं. इथे काही सेकंदांत नव्वद! म्हणजे उष्णता प्रोसेसरमधून पुढे निघतच नव्हती. एक तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळली होती, नाहीतर पंपाचं काहीतरी बिनसलं होतं.

पंपाचे फेरे स्क्रीनवर व्यवस्थित दिसत होते. म्हणून भाचा पेस्ट आणायला निघाला होता. त्याला थांबवलं आणि नळ्यांना हात लावून बघ म्हटलं. प्रोसेसरवरचा ठोकळा चांगलाच गरम, त्याला लागून नळी गरम, पण वरचा रेडिएटर खोलीइतकाच. नव्वद अंशांचा प्रोसेसर खाली आणि पंख्यातून येणारी हवा मात्र गार. मोटर फिरत होती, पण पाणी वाहत नव्हतं. अशा बंद कूलरमध्ये वर्षानुवर्षं नळ्यांच्या रबरातून थोडं थोडं पाणी उडून जातं आणि ठोकळ्यातल्या बारीक खाचांत गाळ बसतो. असा कूलर उघडून भरण्यासाठी बनवलेलाच नसतो, म्हणून तो बदलणं भाग होतं.

कूलर काढताना एक काळजी घ्यावीच लागते. या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. पेस्ट घट्ट धरून बसली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ केली, मग बंद करून प्लग काढला आणि ठोकळा हळूहळू डावीउजवीकडे फिरवत सोडवला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसली, नवी लावली आणि सीताबर्डीहून आणलेला साधा टॉवर कूलर बसवला. त्यात पंप नाही, पाणी नाही. बिघडला तर फक्त पंखा बिघडेल, आणि तो सहज बदलता येतो.

रिकाम्या मशीनचा आकडा ४७ वर आला. सिनेबेंचमध्ये मात्र अजूनही ८८. भाचा हिरमुसला, मला ते अपेक्षित होतं, कारण खोली ३४ची होती आणि १४२ वॅट कुठेतरी जाणारच. बायोसमध्ये इको मोड लावून वीज ८८ वॅटवर बांधली. सिनेबेंच ७२ वर थांबला. गुण सुमारे दहा टक्क्यांनी उतरले, खेळात मात्र फरक जाणवला नाही, कारण तिथे बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर असतो.

विदर्भात मशीन जोडत असाल तर माझं सांगणं एवढंच. काचेचं तोंड असलेलं कॅबिनेट घेऊ नका, जाळीचं घ्या. पाण्याच्या कूलरचा झोत थेट मशीनवर सोडू नका, त्यातल्या तुषारांबरोबर क्षार आत जातात. आणि प्रोसेसर तापला तर काहीही विकत आणण्याआधी रेडिएटरला हात लावून बघा.