पठारावरचं धुकं आणि थारचे दिवे

सांगलीत वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तीन तासांच्या वाटेवरच्या कोयना खोऱ्यात पाच हजारांच्या घरात. एकाच गाडीनं या दोन्ही मुलखांत फिरणाऱ्याला अंधारही दोन तऱ्हांचा भेटतो. आष्ट्याकडच्या रस्त्यावरचा हिवाळ्यातला अंधार कोरडा. त्यात धूळ असते आणि उसाच्या ट्रॉल्या असतात. चाळकेवाडीच्या किंवा सडावाघापूरच्या पठारावर पावसाळ्यात रात्र झाली की अंधार पांढरा होतो. माझ्या थारच्या दिव्यांचं काम काढलं ते या दोन्हींसाठी.

गाडी २०२० च्या आधीच्या बनावटीची. पुढं सात इंची गोल हेडलाइट, आत एच-फोर हॅलोजन बल्ब, अप्परला साठ वॅट आणि डिपरला पंचावन्न. जुन्या महिंद्रा जीपपासून चालत आलेला हा गोल साचा मला मनापासून आवडतो, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट सुटी मिळते आणि सुटी बदलता येते. गाडी सेकंडहँड घेतलेली, त्यामुळं फॉग लाइट नव्हतेच, आणि डिपरचा उजेड पिवळट, मरगळलेला. कुंभार्ली घाटात पाऊस लागला की डाव्या कडेची पांढरी पट्टी शोधत उतरावं लागायचं.

मिरजेतल्या एका वायरमन मामांकडे गाडी नेली. बल्ब कुठला घालू, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बल्बचं नंतर बघू की. आधी करंट कुठं मरतोय ते बघूया."

त्यांनी गाडी चालू ठेवायला लावली, डिपर लावायला लावला. मल्टिमीटरची टोकं आधी बॅटरीवर धरली. आकडा चौदाच्या जरा वर. मग दिव्याच्या मागचं रबर ओढून काढलं आणि तीच टोकं होल्डरच्या पिनांवर धरली. बाराच्या आत. म्हणजे बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या वाटेतच दोन व्होल्ट गायब झालेले. हॅलोजनच्या बाबतीत हे फार महागात पडतं, कारण व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. माझ्या दिव्यांचा चाळीस टक्क्यांहून जास्त उजेड रस्त्यावर पोहोचतच नव्हता.

कारण साधं आहे. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये दिव्याचा सगळा करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत येतो, तिथून स्टिअरिंगजवळच्या डिपर स्विचमधून जातो आणि बारीक वायरीनं परत पुढं बल्बाकडे वळतो. प्रत्येक कपलर, प्रत्येक झिजलेली पट्टी त्यातलं थोडं थोडं खाते. वर अर्थिंग. मामांनी काळी वायर बॉडीला जिथं कसलेली असते तो बोल्ट खोलला. खालचा पत्रा गंजून तपकिरी पडलेला. पॉलिश पेपरनं घासून त्यांनी तो पांढरा केला, बोल्ट परत आवळला आणि वरून ग्रीस चोपडलं. एवढ्यावरच होल्डरवरचा आकडा वर सरकला.

मग रिले बसवले, एक डिपरचा आणि एक अप्परचा. रिलेच्या तीस नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूज घालून जाड वायर, सत्त्याऐंशीवरून दिव्याला जाड वायर, आणि पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या मध्ये जुन्या स्विचची बारीक वायर. आता स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, दिव्याचा भार त्याच्यावर येत नाही. होल्डर चिनी मातीचे घातले आणि वायर अडीच स्क्वेअर एमएमची घेतली. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असलाच पाहिजे यावर मामा अडून होते. फ्यूजशिवायची वायर बॉडीला घासली की गाडी पेटते, हे त्यांनी धंद्यात पाहिलेलं होतं.

बल्ब तेच ठेवले, कंपनीनं दिलेले साठ-पंचावन्न वॅटचे. रात्री बायपासला गाडी काढली तेव्हा नव्या गाडीत बसल्यासारखं वाटलं.

बाजारात शंभर-नव्वद वॅटचे बल्ब सर्रास मिळतात आणि जीपवाले ते हौसेनं घालतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. ते नियमात बसत नाहीत, मूळ वायरिंगवर घातले तर होल्डर वितळतो, आणि आतल्या रिफ्लेक्टरचा मुलामा उष्णतेनं काळवंडतो. मग वॅट जास्त असूनही उजेड कमी, असा उलटा प्रकार होतो.

हॅलोजनच्या काचेत एलईडी बल्ब खोचणं हे त्याहून वाईट. एच-फोर बल्ब हातात घेऊन नीट पाहा. आत दोन तारा दिसतात आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी दिसते. तारेचा खाली जाणारा उजेड ती वाटी अडवते आणि त्यामुळंच रस्त्यावर डिपरची वरची कड स्वच्छ कापली जाते. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेपासून एखादा मिलिमीटर जरी सरकली तरी कड विस्कटते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला वाटतं, वा, काय लाइट मारतेय. समोरून दुचाकीवर येणारा मात्र डोळे मिटून येत असतो.

सात इंची पूर्ण एलईडी दिवा, स्वतःच्या भिंगासकट, ही वेगळी गोष्ट. तो चांगला असू शकतो, करंटही कमी ओढतो. पण तिथं एक गोष्ट कोणी पाहत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवतो, म्हणून आपल्या डिपरची कड उजवीकडं सपाट असते आणि डावीकडं वर चढते. त्या चढत्या भागात कडेनं चालणारा माणूस, दगड, वळणाची पाटी दिसते. अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून तिथल्या दिव्यांची कड उजवीकडं चढते. तिथल्या जीपांसाठी बनवलेले किंवा त्यांची नक्कल असलेले गोल दिवे आपल्याकडं ऑनलाइन स्वस्तात मिळतात. तसला दिवा लावला की जो भाग कडेच्या गवतावर पडायचा तो सरळ समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर पडतो. स्क्रू कितीही फिरवा, ते सुटत नाही. कराडच्या एका मित्राच्या गाडीला असेच दिवे होते. भिंतीवर उजेड पाडून कड दाखवली, तेव्हा त्यानं ते दुसऱ्याच दिवशी उतरवले.

ओळखायची खूण काचेवरच असते. दिव्याकडं तोंड करून उभं राहिलं की युरोपीय मानकाच्या, डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीच्या काचेवर आपल्या उजव्या हाताकडं टोक असलेला आडवा बाण कोरलेला दिसतो. दुकानात पाच सेकंद लागतात.

मी हॅलोजनच ठेवला, फक्त काच आणि रिफ्लेक्टर नवे घातले. ओल्या काळ्या डांबरावर सहा हजार केल्विनचा निळसर पांढरा उजेड मला तरी शोषल्यासारखा वाटतो. हॅलोजनच्या पिवळसर उजेडात खड्ड्याची कड लवकर दिसते. वाचलेले पैसे फॉग लाइटला लावले.

त्याआधी फोकस. हे काम फुकट होतं आणि तेच सगळ्यात कमी लोक करतात. विश्रामबागेत एका गोडाउनच्या भिंतीसमोर सपाट जागा आहे. टायरमधली हवा बरोबर, टाकी भरलेली, ड्रायव्हरच्या जागी माणूस. गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली, जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि तिच्याखाली दहा सेंटीमीटरवर दुसरी. डिपरची सपाट कड त्या खालच्या रेघेवर आणली. मोठे टायर घातले किंवा सस्पेन्शन उचललं की हे सगळं नव्यानं करावं लागतं, कारण गाडी उंच झाली की दिवेही उंच होतात. मागं चार माणसं आणि तंबूचं सामान भरलं की नाक वर उठतं आणि कडही वर जाते, हेही ध्यानात ठेवायचं.

आता पठार. साताऱ्याहून बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर, आणि तिथून वर चाळकेवाडी. जुलैत इथं पवनचक्की डोक्यावर असूनही दिसत नाही. पात्यांचा घुम्म घुम्म आवाज तेवढा येतो. अशा धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो, त्यातला काही उलटा डोळ्यांत येतो. जितका उजेड नजरेच्या जवळून आणि समोर लांब फेकावा तितका तो जास्त परत येतो. म्हणून फॉग लाइट बंपरवर खाली, हेडलाइटच्या खालच्या पातळीला, एकमेकांपासून जमेल तितके लांब. त्याचा उजेड रुंद, जवळचा आणि वरून सपाट कापलेला हवा. काचेवर बी किंवा एफ-थ्री अशी खूण असेल तर तो खरा फॉग लाइट. बाकी नुसतेच गोल दिवे. टपावर लावलेल्या दिव्याचा धुक्यात काडीचा उपयोग नाही.

मी पिवळे घेतले. पिवळा उजेड धुकं भेदतो असं सगळे सांगतात, ते खरं नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात आणि सगळ्या रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. पण पिवळ्यात निळा भाग नसतो, आणि डोळ्यांना झोंबतो तो निळाच. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइटसुद्धा पिवळेच असायचे. तासभर धुक्यात चालवल्यावर डोळे कमी शिणतात, एवढा फायदा मला पुरेसा आहे.

मामांनी फॉग लाइटला स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र बटण दिलं, म्हणजे हेडलाइट बंद ठेवून पार्किंग आणि फॉग एवढेच लावता येतात. चाळकेवाडीला एका संध्याकाळी तसं करून पाहिलं. हेडलाइट बंद होताच भिंत विरली. डांबराची तुटकी कड दिसली, तिच्यापलीकडं लाल चिखल आणि वाकलेलं गवत. दहा-पंधरा मीटरच दिसत होतं. ताशी वीसच्या वेगाला ते पुरतं आणि त्याहून जास्त वेगानं तिथं चालवायचंच नसतं.

हेळवाकच्या बाजूला या दिव्यांचा आणखी एक उपयोग कळला. गवा रात्री उजेडात दिसत नाही, त्याचं काळं अंग सगळा उजेड गिळतं. दिसतात ते त्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय. जमिनीलगत पसरणारा फॉगचा उजेड ते पाय वेळेत दाखवतो.

एलईडी बारबद्दल स्पष्टच लिहितो. माझ्याकडं तो आहे आणि रस्त्यावर त्याच्यावर झाकण असतं. खासगी जागेत, नदीकाठच्या चढावर, समोर कोणी नसताना तो चांगला. कासच्या पठारावर आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीजवळ तो लावणं मला चूकच वाटतं. तिथं रात्र प्राण्यांची आहे. आणि गळीत हंगामात सांगलीच्या रस्त्यावर तो लावणं हा गुन्हाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा, आठ मीटरवर दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना तो दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोळे.

कारखाने सुरू झाले की पेठ नाका ते सांगली रस्त्यावर रात्रभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चालतात. पुष्कळांना मागं रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा नसते. समोरच्या झोतानं डोळे दिपलेल्या माणसाला ती ट्रॉली दिसतच नाही. पावसाळ्याआधी आणि हंगामाआधी अर्धा तास काढून भिंतीवर आपल्या दिव्यांची कड पाहून घ्या, ती डावीकडं चढते का तेही पाहा. आणि समोरून बैलगाडी येत असेल तर लांबूनच डिपर करा, बार असेल तर बंद ठेवा. बैलांचेही डोळे दिपतात आणि गाडीवर बहुतेक वेळा ऊसतोडीचं सगळं कुटुंब बसलेलं असतं.