तोट्याची साक्ष

साक्षीचा शेवट गोड असलाच पाहिजे, असं माझं पक्कं मत होतं. आमच्या पुण्यातल्या मंडळीत रविवारच्या उपासनेत कुणी ना कुणी साक्ष द्यायला उभं राहतं. प्रार्थना केली आणि दुखणं पळालं, नवऱ्याची दारू सुटली, मुलाला नोकरी लागली. ऐकणाऱ्यांना धीर येतो, नवीन माणूस पुढच्या रविवारी पुन्हा येतो. ज्या साक्षीत देवाने काही दिल्याचं दिसत नाही ती साक्षच नव्हे, असं मी तरुण संघाला शिकवतही असे. आता मी तसं शिकवत नाही. त्याला कारण लातूर-नांदेडकडची माणसं, ज्यांना विश्वासाचे धडे द्यायला आम्ही गेलो होतो.

मराठवाड्यात मिशनकार्याला जाणं ही काही नवी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ निजामाच्या मुलखात, जालन्याला, कामाला आले. तिथेच जवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं, तेही गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी. त्यांनी आयुष्य घातलं. आम्ही रजा टाकून जातो. आरोग्य शिबिर, मुलांची बायबल शाळा, कपड्यांचं वाटप, संध्याकाळी सभा आणि परतल्यावर अहवाल. अहवालासाठी साक्षी गोळा करायचं काम माझ्याकडे. देणगीदारांना आपल्या पैशाचं चीज झालेलं बघायचं असतं, म्हणून फळ आलेल्या साक्षीच मी उतरवून घेई. यात मला काही गैर वाटत नव्हतं.

किल्लारी भागातल्या एका पुनर्वसित गावात एक मावशी घरी प्रार्थना चालवतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन उरकून गाव नुकतंच झोपलं होतं. सरकारी हिशेबाने जवळपास ८ हजार माणसं गेली. मावशींचा नवरा आणि दोन लेकरं त्यांत होती. त्यांना स्वतःला लोकांनी दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. माझ्या दृष्टीने ही अहवालातली पहिली साक्ष. मी विचारलं, "मावशी, देवानं तुम्हाला कसं वाचवलं ते सांगा ना."

त्या म्हणाल्या, "मला वाचविलं म्हणलं तर लेकरायला मारलं म्हणावं लागतंय, दादा. तसलं मी बोलत नसते."

मी दुसऱ्या बाजूने विचारून पाहिलं. मग देवाने या सगळ्यातून काय शिकवलं? त्या म्हणाल्या, "काई नाई शिकविलं. माळवद पडलं." गावाच्या कुठल्याही आळीत, कुठल्याही जातीत मयत झाली की कडू भाकरी घेऊन पहिल्यांदा जाणारी बाई हीच, हे मला शेजारणीकडून कळलं. त्या तिथे उपदेश करत नाहीत. चूल पेटवायचं सुचत नाही अशा घरात जाऊन बसतात आणि लेकरांना जेवू घालतात.

'माळवद पडलं' हे उत्तर मला तेव्हा विश्वासाच्या दृष्टीने फार कोरडं वाटलं. पण अभियंते तेच सांगतात. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड छप्पर, म्हणून एवढी माणसं गेली. मोठमोठ्यांना एवढ्यावर थांबवत नाही. १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले होते, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला होता. मी कायम गांधीजींच्या बाजूचा. एवढ्या मोठ्या घटनेला देवाघरचा काही अर्थ असलाच पाहिजे, असं मला वाटे. तो अर्थ शोधण्याची घाई ज्याचं काही गेलेलं नाही त्यालाच असते, असं आता वाटतं. मावशींना अर्थ सापडलेला नाही, आणि त्यांची प्रार्थना त्यावाचून अडलेलीही नाही.

नांदेड जिल्ह्यात, बिलोलीच्या बाजूला, मातंग समाजातल्या दोन भावांच्या घरी सभा होती. तिकडे तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे गाणी निम्मी मराठी, निम्मी तेलुगू. थोरल्याने कागदोपत्री धर्म ख्रिस्ती लावलेला, धाकट्याने नाही. यात काय अडकलेलं असतं, ते शहरातल्या विश्वासणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. थोरल्याच्या मुलीची त्या सवलतीतली शिष्यवृत्ती गेली. धाकट्याचा मुलगा त्याच सवलतीवर शिकला.

कागदावर नाव लपवणाऱ्यांना मी 'कच्चे विश्वासी' म्हणत असे. सभेत थोरल्याची साक्ष घ्यायची आणि त्याच्या धैर्याचा गौरव करायचा, असं मी ठरवलं. त्याने मला बाजूला घेतलं. "सर, झालेला तोटा खरा हाय. पोरगी अजून बोलून दाखविती. पण माझ्या भावाला खाली घालून मला वर चढवू नका. त्यानं लेकराचं बघितलं, म्या माझ्या मनाचं बघितलं. देव दोघायलाबी वळखतो." सभेत तो उभा राहिला, धाकट्या भावाच्या नातवासाठी प्रार्थना केली आणि खाली बसला. ख्रिस्तासाठी सोसलेल्या गोष्टीचा माणूस हिशेब ठेवतो आणि तो चारचौघांत वाचून दाखवतो, हे मी मंडळीत पुष्कळ पाहिलंय, स्वतः केलंय. हिशेब खरा असूनही तो न वाचणारा माणूस मला तिथे भेटला.

लातुरातल्या एका पाळकसाहेबांनी २०१६ ची गोष्ट सांगितली. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम. मंडळीने पावसासाठी उपास-प्रार्थना केली. पाऊस आला नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. मी लगेच म्हणालो, "म्हणजे प्रार्थनेचं उत्तर आलंच की!" ते हसले. "पाणी साऱ्या लातूरला आलं, प्रार्थना न केलेल्यांनाही. आमचं म्हणून कसं सांगू? आम्ही घागर घेऊन रांगेत उभे होतो एवढंच सांगतो."

गोड शेवटाच्या साक्षी खोट्या असतात, असं मी म्हणत नाही. दारू सुटलेली घरं मी पाहिली आहेत. पण देवाने काही दिलं म्हणून त्याला धरणं सोपं आहे, आणि आमच्या व्यासपीठावर आम्ही तेवढंच शिकवत आलो. त्यामुळे ज्याचं दुखणं हटत नाही तो मागच्या बाकावर बसून आपलाच विश्वास कमी पडला असं समजत राहतो. त्याच्यासाठी माझ्याजवळ शब्द नव्हता. मावशींकडे आहे.

यंदाच्या अहवालात मी फळांचा आकडा दिला नाही. खजिनदार विचारतात, मग पुढच्या वर्षीचं गाडीभाडं कोण देणार? प्रश्न रास्त आहे. माझी सूचना समितीपुढे आहे: जमेल तेवढंच गाडीभाडं गोळा करावं आणि त्यात आम्ही तिकडे जाण्याऐवजी त्यांना इकडे बोलवावं. उपदेशाची वेळ त्यांना द्यावी, आणि बोलून झाल्यावर 'मग पुढे देवाने काय केलं?' असं कुणी विचारू नये.